पाण्यातला रंग तोडणारी आणि चुंबकाने परत गोळा होणारी पावडर: ती बनते कशी आणि त्याने नदी साफ होईल का?

ऑगस्ट २०१७. नवी मुंबईतल्या तळोजा एमआयडीसीत रस्त्यावरची कुत्री चक्क निळी दिसायला लागली. फोटो देशभर व्हायरल झाले. एका रंगाच्या कारखान्याच्या आवारात शिरल्यामुळे हे झाल्याचं समोर आलं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. त्याचेही फोटो तुम्ही पाहिले असतील.

कुत्री आणि रस्ते निदान डोळ्यांना दिसतात, म्हणून बातमी होते. रंगाचं पाणी मात्र बहुतेक वेळा नाल्यातून, ओढ्यातून गुपचूप नदीत जातं.

यावरचा उपाय म्हणून अधूनमधून एक बातमी फिरत असते. 'शास्त्रज्ञांनी अशी पावडर बनवली, जी ९० मिनिटांत पाण्यातला ९८ टक्के रंग संपवते आणि नंतर चुंबकाने बाहेर काढता येते!' सोबत एक व्हिडिओ असतो. काचेच्या बाटलीत गढूळ पाणी, बाहेरून चुंबक लावला की सगळी काळी पावडर एका बाजूला सरकते आणि उरतं नितळ पाणी.

व्हिडिओ खोटा नसतो. ही पावडर खरंच बनते आणि जगभरच्या प्रयोगशाळांत बनते. तिचं नाव आहे मॅग्नेटिक फोटोकॅटॅलिस्ट. पण ती नेमकी काय असते, बनवतात कशी, चुंबकाची गरज का पडली आणि बातमीतल्या त्या '९८ टक्के'चा अर्थ काय, हे बातमीत सहसा नसतं. तेच सगळं आपण इथे समजून घेऊ.

आधी प्रश्न असा, की रंग पाण्यात टिकतो का?

कारण तो टिकावा म्हणूनच बनवलेला असतो.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या अवघ्या १८ वर्षांच्या इंग्रज मुलाने मलेरियावरचं औषध बनवायच्या नादात चुकून जांभळा रंग बनवला. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला. तेव्हापासून रंग बनवणाऱ्यांचं ध्येय एकच राहिलं आहे. कपडा उन्हात वाळवला, साबणाने धुतला, घामाने भिजला तरी रंग उडता कामा नये. ग्राहक म्हणून आपल्यालाही तेच हवं असतं.

गोची इथेच आहे. जो रंग ऊन, साबण आणि घामाला दाद देत नाही, तो नदीतल्या जिवाणूंनाही दाद देत नाही.

सुती कापडाला लागणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचं उदाहरण घ्या. रंगाच्या टाकीत घातलेला सगळा रंग कापडाला चिकटत नाही. रंग आणि पद्धतीनुसार १० ते ५० टक्के रंग पाण्यातच राहतो. तो कापडाला नीट धरावा म्हणून टाकीत भरपूर मीठ आणि सोडाही घालतात. म्हणजे बाहेर पडणारं पाणी रंगीत, खारट आणि अल्कधर्मी असं तिन्ही असतं. मिठाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरी गोष्ट अ‍ॅझो रंगांची. कापडाच्या रंगांमध्ये सगळ्यात मोठं कुटुंब यांचंच. यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची एक जोडी असते. ती जोडी तुटली की रंग जातो. पण काही अ‍ॅझो रंग अर्धवट तुटले तर त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. म्हणजे पाणी दिसायला स्वच्छ झालं, तरी ते जास्त विषारी झालेलं असू शकतं.

मग आज कारखाने काय करतात?

साधारण तीन प्रकारचे उपाय आहेत.

पहिला, तुरटी किंवा चुना टाकून रंग तळाशी बसवायचा. यात रंग पाण्यातून गाळात जातो आणि तो गाळ कुठे टाकायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. दुसरा, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमध्ये रंग शोषून घ्यायचा. काही दिवसांनी कार्बन भरतो, मग तो बदला. तिसरा, आरओ. घरातल्या प्युरिफायरसारखंच, फक्त अवाढव्य. यात स्वच्छ पाणी एका बाजूला येतं आणि दुसऱ्या बाजूला अतिशय घट्ट, खारट, रंगीत पाणी उरतं.

तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. रंग जागा बदलतो, संपत नाही. चौथा उपाय जिवाणूंकडून रंग खाऊन घेण्याचा, पण रंग टिकाऊ असल्यामुळे त्यांचं काम बऱ्याचदा अर्धवट राहतं.

रंगाचा रेणूच तोडून टाकता आला तर? म्हणजे शेवटी फक्त कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतील? फोटोकॅटॅलिस्टकडून हीच अपेक्षा असते.

फोटोकॅटॅलिस्ट म्हणजे काय?

शाळेत उत्प्रेरक शिकलेलं आठवत असेल. रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही, तो उत्प्रेरक. हेच काम उजेडाच्या जोरावर करणारा पदार्थ म्हणजे फोटोकॅटॅलिस्ट.

यातला सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ तुमच्या घरात आहेच. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, तेच हे. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध छापला. टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पाडून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात, असं त्यांनी दाखवलं. हाच पदार्थ उजेडात प्रदूषणही तोडू शकतो, हे त्यानंतरच्या संशोधनातून पुढे आलं.

ते घडतं असं. पुरेशी ऊर्जा असलेला उजेड या कणावर पडला की आतला एक इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पातळीवर जातो. त्याची जुनी जागा रिकामी पडते. इलेक्ट्रॉन पाण्यातल्या ऑक्सिजनला जाऊन भिडतो, तर रिकामी जागा पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. या ओढाताणीत हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. हे अत्यंत आक्रमक असतात. त्यांचं आयुष्य डोळ्याची पापणी लवण्याच्याही कोट्यवधी पटीने कमी, पण तेवढ्यात जो सेंद्रिय रेणू समोर येईल त्याचा ते लचका तोडतात. असे लचके तुटत तुटत रंगाच्या मोठ्या रेणूचे तुकडे होत जातात.

यात दोन अटी आहेत.

पहिली अट उजेडाची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या रूपातल्या इलेक्ट्रॉनला उडी मारायला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा उजेड, अर्थात अतिनील किरण. सूर्यप्रकाशात अतिनीलचा वाटा जेमतेम ५ टक्के. उरलेलं ऊन या पदार्थासाठी वायाच जातं.

दुसरी अट पृष्ठभागाची. सगळी क्रिया कणाच्या पृष्ठभागावर होते, म्हणून कण जितका बारीक तितकं चांगलं. साधं गणित करून बघा. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याच घनाचे २० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग होतो ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फूट. माल तेवढाच, जागा ५ लाख पट. म्हणून नॅनो.

मग अडलं कुठे?

पावडर परत काढण्यात.

२० नॅनोमीटरचे कण पाण्यात टाकले की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि तसंच राहतं. कण इतके हलके की तळाशी बसायचं नाव घेत नाहीत. गाळून घ्यावं म्हटलं, तर प्रयोगशाळेतल्या साध्या फिल्टर पेपरची छिद्रंच त्यांच्या काही शेपट मोठी. गव्हाच्या चाळणीने पिठी साखर अडवण्यासारखा प्रकार! सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवणारं यंत्र वापरलं तर कण खाली बसतात, पण ते चमचाभर पाण्याला ठीक. रोज लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला ते कसं परवडणार?

पावडर तशीच पाण्याबरोबर जाऊ द्यावी, तर दोन नुकसान. एक म्हणजे उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरायचा असतो, तो एकदाच वापरून फेकला तर खर्चाचं गणित बसत नाही. दुसरं म्हणजे रंगाचं प्रदूषण काढायला गेलो आणि नॅनोकणांचं प्रदूषण नदीत सोडून आलो, असं होणार.

काहींनी ही पावडर काचेच्या पट्टीवर चिकटवून पाहिली. परत काढायचा प्रश्न सुटला, पण पृष्ठभाग कमी झाला आणि वेग मंदावला.

यातून कल्पना आली, की प्रत्येक कणाच्या पोटातच लोहचुंबकाला ओढला जाणारा गाभा ठेवला तर?

पण चुंबकीय कण एकमेकांनाच चिकटून गोळा होणार नाहीत का?

रास्त शंका. साध्या चुंबकाचा भुगा केला तर तो एकमेकांना चिकटून गोळेच होतात. पण मॅग्नेटाइट या लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडची एक गंमत आहे. त्याचे स्फटिक साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान केले की ते सुपरपॅरामॅग्नेटिक होतात. म्हणजे बाहेर चुंबक असेल तरच चुंबकासारखे वागतात आणि चुंबक काढला की सगळं विसरतात.

मधल्या सुट्टीतली शाळा डोळ्यांसमोर आणा. पोरं मैदानभर सैरावैरा धावत असतात. घंटा झाली की सगळी एका दिशेने रांगेत. शाळा सुटली की पुन्हा मोकाट. हे कण तसेच. चुंबक नसताना पाण्यात मोकळे फिरतात आणि रंग तोडतात, चुंबक आला की एका बाजूला जमतात.

इथेही एक तडजोड करावी लागते. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर अवलंबून असते. एकटादुकटा १० नॅनोमीटरचा कण चुंबकाला फारच हळू प्रतिसाद देतो. म्हणून बरेचदा अशा अनेक इवल्या स्फटिकांचा मिळून १००-२०० नॅनोमीटरचा एक गाभा करतात. स्फटिक लहान, म्हणून ते मोकळे राहतात. गाभा मोठा, म्हणून ओढ पुरेशी मिळते.

आता मुख्य गोष्ट, हे बनवतात कसं?

हा कण म्हणजे तीन थरांचा लाडू समजा. आत चुंबकीय गाभा, त्यावर काचेसारखं पातळ अस्तर आणि सगळ्यात बाहेर काम करणारा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर.

एक सूचना आधीच. हे घरी करून बघायचं काम नाही. अमोनियाची वाफ आणि यातली काही रसायनं डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतात. कोरडी नॅनोपावडर श्वासात जाणंही धोक्याचं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीला 'कर्करोगाची शक्यता असलेले' या गटात टाकलं आहे.

पायरी १: काळा गाभा. सगळ्यात सोपी आणि स्वस्त पद्धत म्हणजे सहअवक्षेपण. फ्रान्सच्या रेने मॅसार यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्रास वापरली जाते. लोखंडाचे दोन क्षार घ्यायचे, फेरिक क्लोराइड आणि फेरस क्लोराइड. प्रमाण २ ला १, कारण मॅग्नेटाइटमध्ये फेरिक आणि फेरस लोखंड याच प्रमाणात असतं. वजनात सांगायचं तर ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि २ ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट. दोन्ही पाण्यात विरघळवून ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचं आणि जोरात ढवळत अमोनिया घालायचा. पीएच १० च्या आसपास गेला की पिवळसर-तपकिरी द्रावण क्षणात काळं होतं. सगळं नीट झालं तर हिशेबाने सुमारे २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळतं. मग बाहेरून चुंबक लावून पावडर धरून ठेवायची आणि पाणी बदलत धुवायची.

या पायरीतला शत्रू म्हणजे हवा. हवेतल्या ऑक्सिजनने फेरस लोखंडाचं फेरिक झालं की २ ला १ हे प्रमाण बिघडतं आणि काळ्याऐवजी तपकिरी पावडर हाती येते. म्हणून पाण्यातून नायट्रोजन सोडत राहतात.

पायरी २: काचेचं अस्तर. हा थर कशाला, थेट टायटॅनियम डायऑक्साइड का नाही लावायचं? सुरुवातीला तसंच करून पाहिलं गेलं. पण २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात रोझ अमल यांच्या गटाने दाखवलं, की दोन्ही थर एकमेकांना थेट टेकले तर उजेडात गाभ्यातलं लोखंडच विरघळायला लागतं. उजेडाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा रंग तोडायचं सोडून गाभ्यात शिरतात. म्हणजे कामही मंदावतं आणि गाभाही झिजतो.

मध्ये सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा थर दिला की हा शॉर्टसर्किट थांबतो. त्यासाठी स्टोबर पद्धत वापरतात. वर्नर स्टोबर आणि सहकाऱ्यांनी ती १९६८ मध्ये मांडली. इथेनॉल, पाणी आणि थोड्या अमोनियात काळे कण पसरवायचे आणि टीईओएस नावाचं सिलिकॉनचं संयुग थेंब थेंब सोडत काही तास ढवळायचं. कणांवर सिलिकाचा पातळ थर चढत जातो. घाई केली तर कणांवर थर चढण्याऐवजी सिलिकाचे वेगळेच गोळे तयार होतात.

पायरी ३: कामाचा थर. पुन्हा इथेनॉलमध्ये कण पसरवायचे आणि टायटॅनियम ब्युटॉक्साइड घालायचं. हे संयुग पाण्याला इतकं अधीर, की पाणी दिसलं की लगेच पांढरा चोथा करून टाकतं. म्हणून पाणी अगदी मोजून आणि सावकाश द्यावं लागतं.

पायरी ४: भट्टी. आत्तापर्यंत बाहेरचा थर स्फटिकरूप नसतो, त्यामुळे तो फारसं काम करत नाही. ४०० ते ५०० अंशांवर तापवलं की त्याचे अ‍ॅनाटेज स्फटिक होतात. पण हवेत तापवताना आतला काळा मॅग्नेटाइट आधी तपकिरी मॅगहेमाइट होतो. तिथवर ठीक, तोही चुंबकाला ओढला जातो. तापमान आणखी वाढलं की त्याचा लालसर हेमाटाइट होतो आणि त्याची चुंबकीय ओढ जवळपास संपते. म्हणजे एका थराला हवी असलेली उष्णता दुसऱ्याला मारक. यावर उपाय म्हणजे नायट्रोजनमध्ये तापवणं, किंवा बंद स्टीलच्या भांड्यात दाबाखाली १५०-१८० अंशांवरच स्फटिक करून घेणं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. सिलिकाचं अस्तर इथेही गाभ्याला थोडं संरक्षण देतं.

याशिवाय झिंक फेराइटसारखे पदार्थ वापरूनही असे कण करतात. झिंक फेराइट दृश्य उजेडही शोषतं, त्यामुळे सूर्यप्रकाशाचा जास्त भाग वापरता येईल अशी आशा असते. पण त्यात उडी मारलेला इलेक्ट्रॉन काम न करताच पटकन जुन्या जागी परततो. म्हणून एकट्याने वापरण्यापेक्षा दुसऱ्या पदार्थाबरोबर त्याची जोडी लावतात.

चाचणी कशी होते?

बहुतेक प्रयोगांत मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. हा १८७६ मध्ये बनलेला जुना रंग, औषध म्हणूनही वापरला जातो. साधारण १०० मिलीलिटर पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम या हिशेबाने रंग घालतात. त्यात पावडर टाकून अर्धा तास अंधारात ढवळतात. मग दिवा लावतात. ठराविक वेळाने थोडं पाणी काढून ६६४ नॅनोमीटरचा उजेड ते किती शोषतं हे मोजतात. निळेपणा घटला, म्हणजे आकडा घटला.

आता यातलं प्रमाण बघा. १०० मिलीलिटर पाण्यात रंग आहे १ मिलिग्रॅम. लिटरला १ ग्रॅम या दराने पावडर घातली, तर ती झाली १०० मिलिग्रॅम. रंगाच्या १०० पट पावडर!

हेच १ लाख लिटरच्या टाकीला लावलं तर १०० किलो पावडर लागेल. समजा चुंबकाने दर वेळी ९९ टक्के पावडर परत मिळाली. ऐकायला झकास वाटतं. पण १० वेळा वापरल्यावर सुमारे ९० किलो उरेल आणि १०० वेळा वापरल्यावर फक्त ३७ किलो. उरलेली ६३ किलो पावडर पाण्याबरोबर गेलेली असेल. म्हणून व्हिडिओत चुंबकाने पावडर ओढली जाते हे पुरेसं नाही. किती टक्के ओढली जाते आणि किती वेळा, याला महत्त्व आहे.

'९८ टक्के रंग गायब' अशी बातमी आली तर काय विचारायचं?

१. पाणी कुठलं होतं? शुद्ध पाण्यात एकच रंग घालून केलेला प्रयोग आणि प्रोसेसिंग युनिटचं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुरुवातीला मीठ आणि सोड्याचा उल्लेख केला होता, तो इथे कामाला येतो. क्लोराइड आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलना मध्येच गाठून संपवतात आणि रंगाच्या वाट्याला कमी रॅडिकल येतात. शिवाय पाणी फार गडद असेल तर उजेड आतपर्यंत पोचतच नाही.

२. उजेड कुठला होता? अतिनील दिव्याखालचा ९८ टक्के आणि उन्हातला ९८ टक्के वेगळे. दिवा असेल तर त्याचं वीजबिलही धरायला हवं.

३. रंग तुटला की नुसता चिकटला? पावडरचा पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे रंग त्यावर नुसता चिकटूनही पाणी स्वच्छ दिसतं. अंधारातला तो अर्धा तास यासाठीच असतो. अंधारातही रंग घटला, तर तेवढं श्रेय उजेडाचं नाही. पावडर न घालता नुसत्या उजेडात रंग किती उडतो, हेही दाखवायला हवं.

४. रंग गेला की रेणू गेला? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजायची टीओसी नावाची वेगळी चाचणी असते. रंग ९८ टक्के गेला आणि कार्बन निम्म्याने घटला, तर निम्मे तुकडे अजून पाण्यातच आहेत. मेथिलीन ब्लूची तर आणखी एक खोड आहे. तो न तुटता, नुसतं रूप बदलूनही रंगहीन होऊ शकतो. शिवाय तो स्वतः दृश्य उजेड शोषतो, त्यामुळे 'आमची पावडर साध्या उजेडात चालते' हे सिद्ध करायला तो योग्य रंग नाही, असा आक्षेप शास्त्रज्ञांनीच घेतला आहे.

५. कितव्या वापरानंतर काय झालं? पाच-सहा वेळा वापरल्याचे आकडे शोधनिबंधात असतात. कारखान्याला शेकडो वेळा वापरायची असते. दर वेळी लोखंड किती विरघळलं, हेही विचारायला हवं.

या पाचांची उत्तरं असलेली बातमी दिसली, तर खुशाल शेअर करा.

मग पंचगंगेसारखी नदी याने साफ होईल का?

नदीत पावडर टाकून नाही. वाहत्या, गढूळ नदीत उजेड खोलवर जात नाही आणि टाकलेली पावडर चुंबकाने परत गोळा करणं अशक्य आहे. शिवाय पंचगंगेचं दुखणं फक्त रंगाचं नाही. त्यात कोल्हापूर, इचलकरंजीसारख्या शहरांचं सांडपाणी आहे, उद्योगांचं पाणी आहे. फोटोकॅटॅलिस्ट हे त्यातल्या एका तुकड्यावरचं औषध आहे.

त्याची खरी जागा कारखान्याच्या आत, शेवटच्या टप्प्यावर आहे. आधी गाळ काढायचा, जिवाणूंकडून जमेल तेवढं काम करून घ्यायचं आणि उरलेला हट्टी रंग बंद टाकीत या पावडरने तोडायचा. मोठ्या प्रमाणावर चुंबकाने बारीक कण वेगळे काढणं हे काही स्वप्नरंजन नाही. चिनी मातीतले लोखंडाचे कण काढायला उद्योगांत ताकदवान चुंबकीय यंत्रं १९७० च्या दशकापासून वापरली जातात. अडचण आहे ती पावडरची किंमत, तिचा टिकाऊपणा आणि खऱ्या, खारट पाण्यातला तिचा वेग यांची.

आणखी एक उदाहरण बघण्यासारखं आहे. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांमुळे नोय्यल नदीची वाट लागली होती. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने प्रदूषण करणारी युनिट बंद करायचे आदेश दिले. त्यानंतर पाण्याचा थेंबही बाहेर न सोडता सगळं पाणी पुन्हा वापरायचं, या अटीवर तिथला धंदा उभा राहिला. त्यात आरओ आणि बाष्पीभवनाची यंत्रं होती, खर्च मोठा होता आणि उरलेल्या मिठाच्या गाळाचा प्रश्नही होता. पण ही यंत्रं कोर्टाच्या आदेशाच्या कितीतरी आधीपासून बाजारात होती. ती वापरणं भाग पडलं, ते नियमाला दात फुटल्यावर.

मॅग्नेटिक फोटोकॅटॅलिस्टची गोष्टही त्याच वाटेने जाणार आहे. रंग जागा न बदलता संपवता येतो आणि संपवणारी पावडर परत मिळवता येते, एवढं प्रयोगशाळेने दाखवून दिलं आहे. आता हवी ती खऱ्या पाण्यात, शेकडो वेळा टिकणारी आणि परवडणारी पावडर. ती येईपर्यंत कारखान्याचं पाणी बाहेर पडताना कसं आहे, हे तपासणारी यंत्रणाच नदीला वाचवू शकते. आणि ते तपासताना पाण्याचा रंग बघून समाधान मानायचं नसतं, कारण नितळ दिसणाऱ्या पाण्यातही रंगाचे तुकडे उरलेले असू शकतात.